तीन हजार वर्षं थांबलेला पुजारी आणि पुरातत्त्व शिकणारी लेक

सप्रेम नमस्कार,

मी मिरजेला एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. वय ५४. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मैत्रिणीने मला एक इंग्रजी कादंबरी दिली. लंडनच्या संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करणारी एक मुलगी असते. तिच्या टेबलावर प्राचीन इजिप्तमधली, दुसऱ्या रामसेस राजाच्या काळातली एक शवपेटी येते. रात्री ती पेटीवरचं नाव मोठ्याने वाचते आणि त्यातला पुजारी जागा होतो. खांद्यावर रुळणारे काळेभोर केस, घोगरा आवाज. आयसिस देवीच्या सेविकेवर प्रेम केलं म्हणून त्याला जिवंत पुरलेलं असतं आणि ही मुलगी म्हणजे तीच सेविका, पुन्हा जन्माला आलेली. तीन हजार वर्षं तो तिची वाट बघत असतो. शेवटच्या प्रकरणात ती त्याच्या छातीवरचा हिरव्या दगडाचा भुंगा हातात घेते. मी दोन रात्रींत पुस्तक संपवलं. शेवटी रडले, हे सांगायला लाज वाटते.

माझी लेक पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वात एम. ए. करते. तिने पुस्तक चाळलं आणि जेवता जेवता चुका काढायला सुरुवात केली. त्या काळची भाषा कशी उच्चारायचे तेच कुणाला नक्की ठाऊक नाही, पुजारी ब्रह्मचारी नसत, इजिप्तमध्ये पुनर्जन्म नव्हता, शापबिप काही नव्हता. ती खरं बोलत होती, म्हणूनच जास्त लागलं. आता पुस्तक उघडलं की पानापानावर लाल शाई दिसते. ह्यांचं वेगळंच. ‘घरातला जिवंत माणूस दिसत नाही आणि मढ्याच्या प्रेमात पडलीय’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. गणिताच्या बाईंनी या वयात असलं वाचावं का? दुसरा भाग आलाय. मागवू की नको?

– मिरजेची एक वाचक

ताई,

दुसरा भाग मागवा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

वयाचं आणि गणिताचं आधी उरकते. दिवसभर पोरांकडून प्रमेयं सिद्ध करून घेणाऱ्या बाईने रात्री पुराव्याशिवाय काहीतरी मानायचं ठरवलं, तर त्यात कुणाचं काय जातं? रडू आलं म्हणजे लेखिकेने तिचं काम चोख केलं. पुस्तकाचं नाव तुम्ही कळवलंय, पण ते मी मुद्दाम इथे देत नाही. याच धाटणीची डझनावारी पुस्तकं बाजारात आहेत आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांना लागू पडतं.

अडचण आहे ती लेकीची. ती बरोबर आहे. तिला खोटं पाडून तुमची सुटका व्हायची नाही आणि तशी गरजही नाही. फक्त ती अर्ध्यावर थांबली. ‘असं नव्हतं’ एवढं सांगून तिने ताट उचललं. ‘मग कसं होतं’ हे विचारलंत, तर तुमचं पुस्तक फिकं पडणार नाही, उलट चढेल. कारण खुद्द प्राचीन इजिप्तची माणसं अशाच गोष्टी लिहीत होती. थडगी, मंत्र, मेलेला नवरा, मेलेली बायको, ताटातूट आणि हट्टाने पुन्हा एकत्र येणं. तुमच्या लेखिकेच्या दोन हजार वर्षं आधी.

पण आधी लेकीचे मुद्दे घेऊ.

भाषेचा मुद्दा फार मजेशीर आहे. इजिप्तच्या चित्रलिपीत व्यंजनं लिहायचे, स्वर लिहीत नसत. शांपोलियाँ या फ्रेंच माणसाने १८२२ मध्ये लिपीचं कोडं सोडवलं, त्यामुळे अर्थ लागला, आवाज मात्र पूर्ण हाती आला नाही. आज अभ्यासक दोन व्यंजनांच्या मध्ये सोयीसाठी ‘ए’ घालून वाचतात. त्या भाषेचं शेवटचं रूप म्हणजे कॉप्टिक. ते ग्रीक वळणाच्या अक्षरांत स्वरांसकट लिहिलं गेलं आणि इजिप्तमधल्या ख्रिस्ती चर्चच्या प्रार्थनांत ते अजून ऐकू येतं. त्यावरून जुने उच्चार थोडेफार ताडता येतात, एवढंच. म्हणजे तुमची नायिका त्या पुजाऱ्याशी घडाघडा बोलते, ते कठीणच. खरं तर तो उठून बसल्यावर तिने विद्यापीठात शिकलेल्या उच्चारांत त्याचं स्वागत केलं असतं, आणि त्याला एक अक्षर कळलं नसतं. लेखिकेने ही संधी घालवली, असं माझं प्रामाणिक मत. दोघं एकमेकांना लिहून दाखवतायत, तो तिच्या उच्चारांना हसतोय, एकेक शब्द दुरुस्त करतोय. प्रेम जमायला याहून चांगला प्रसंग कुठला?

केसांचं लेकीच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तबद्दल लिहून गेला आहे. तिथले पुजारी एक दिवसाआड अख्ख्या अंगावरचे केस काढायचे, दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा गार पाण्याने अंघोळ करायचे आणि फक्त जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं कापड नेसायचे. चित्रांतही बहुतेक पुजारी तुळतुळीत डोक्याचे दिसतात. तेव्हा खांद्यावर रुळणारे केस विसरा. मुखपृष्ठावरच्या देखण्या गड्याचं सोवळं आपल्याकडच्या कुठल्याही देवळातल्या गुरवापेक्षा कडक होतं!

ब्रह्मचर्य मात्र त्या सोवळ्यात नव्हतं. देवळातले बहुतेक पुजारी पाळीपाळीने सेवा करायचे. आपली पाळी संपली की घरी, बायकामुलांत. सेवेच्या काळात संबंध वर्ज्य, बाकी संसार रीतसर. कित्येक घराण्यांत पुजारीपण बापाकडून मुलाकडे जायचं, त्यावरूनच काय ते समजा. सेविकेवर प्रेम केलं म्हणून जिवंत पुरणं हा मसाला सिनेमावाल्यांचा. १९३२ च्या हॉलिवूडच्या एका गाजलेल्या ममीपटात असा पुजारी होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं इम्होतेप. खरा इम्होतेप त्याच्या कितीतरी आधीचा. कैरोजवळच्या सक्काराचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड उभारण्याचं श्रेय त्याला देतात आणि पुढे लोक त्याला वैद्यकाचा देव मानून पुजायला लागले. एवढ्या थोर माणसाच्या नशिबी पडद्यावर खलनायक होणं आलं.

शापाचा मुद्दाही खरा आहे. तूतनखामेन राजाचं थडगं हॉवर्ड कार्टर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडलं. त्याला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नारव्हन एप्रिल १९२३ मध्ये डास चावलेली जागा चिघळून गेले आणि वर्तमानपत्रांना वर्षभराचं खाद्य मिळालं. थडगं उघडणारा कार्टर स्वतः १९३९ पर्यंत होता. शाप असलाच तर नेमका त्यालाच विसरला.

आता पुनर्जन्म. इथे जरा थांबते, कारण तुम्हाला हे पुस्तक इतकं भिडलं त्याचं मूळ मला इथे दिसतं. ती मुलगी म्हणजे तीच, हे कळल्यावर इंग्रजी वाचकाला थोडा धक्का बसत असेल. आपल्याला बसत नाही. वटपौर्णिमेला सात जन्मांचा करार करून आलेल्या बायकांना तीन हजार वर्षांचं काय अप्रूप? आपण ते ‘असणारच’ म्हणून वाचतो आणि थेट आत शिरतो. इजिप्तच्या माणसाला मात्र हे पटलं नसतं. त्याच्या लेखी पृथ्वीवरचा जन्म एकच. त्यानंतर न्याय, आणि न्यायात टिकला तर लव्हाळ्यांच्या शेतांचा एक प्रदेश, तिथे पीक माणसाच्या उंचीच्या वर जातं आणि नाईलसारखेच कालवे वाहतात. तिथून कुणी परत येत नाही, कारण यायचं कशाला? हेरोडोटसने लिहून ठेवलंय की इजिप्तवाल्यांच्या मते आत्मा सगळ्या प्राण्यांतून फिरून पुन्हा माणसात येतो आणि त्या फेऱ्याला तीन हजार वर्षं लागतात. तुमच्या पुजाऱ्याचा आकडा आणि हा आकडा एकच! पण इजिप्तच्या स्वतःच्या लेखांत या मताला आधार मिळत नाही. हेरोडोटसने ग्रीकांकडचं काहीतरी तिकडे चिकटवलं, असं अभ्यासक मानतात.

मग इजिप्तमधल्या प्रेमिकांनी काय मागितलं असतं? पुढचा जन्म नाही. एकच थडगं.

याचा पुरावा डोळ्यांनी बघता येतो. राजांच्या थडग्यांचं काम करणारे कारागीर लक्झरजवळ देर अल-मदिना इथे राहायचे. त्यांच्यातला खा नावाचा एक बडा मुकादम आणि त्याची बायको मेरित यांचं थडगं इटालियन पथकाला १९०६ मध्ये जसंच्या तसं सापडलं. चोरांचा हात लागलेला नव्हता. सगळं सामान आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे: पाव, खाटा, कपडे, खाची मोजपट्टी, मेरितचा वेण्यावेण्यांचा लांब केसांचा टोप आणि तिच्या तेलाअत्तराच्या कुप्यांची पेटी. मेरित आधी गेली, बहुधा अचानक. तिची शवपेटी तयार नव्हती. खाने स्वतःसाठी करून घेतलेली पेटी तिला दिली. त्या पेटीवर मजकूर त्याच्या नावाचा आहे. ती तिला मोठी झाली, म्हणून मोकळ्या जागेत कापडाच्या घड्या भरल्या. दोघांच्या पट्ट्या आजवर कुणी सोडलेल्या नाहीत. आत काय आहे ते क्ष-किरणांनी बघितलं गेलंय, बस. घोगऱ्या आवाजाच्या नायकाने तीन पानं भरून केलेल्या शपथा एकीकडे आणि ही उसनी पेटी एकीकडे. लेकीला विचारा, ती याचे फोटो काढून दाखवेल.

आणि लेकीने न सांगितलेलं आणखी एक. तुमच्या लेखिकेने दोन गोष्टी अगदी अचूक धरल्या आहेत. तुम्ही लिहिलंय की पुजारी जागा होतो तो नायिका पेटीवरचं त्याचं नाव मोठ्याने वाचते तेव्हा. हे अस्सल इजिप्शियन आहे. नाव उच्चारलं जातं तोवर माणूस आहे, नाव खरवडलं की माणूस संपला. म्हणून तर शत्रूची नावं छिन्नीने उडवायचे. थडग्यांवर येणाऱ्याजाणाऱ्यांना उद्देशून विनवण्या कोरलेल्या सापडतात: जरा थांबा, माझं नाव घ्या, तुमचा श्वासच काय तो खर्च होईल. तुमच्या नायिकेने अजाणता तेच केलं.

दुसरी गोष्ट हृदयाची. शेवटच्या प्रकरणात त्याच्या छातीवर हिरव्या दगडाचा भुंगा असतो आणि तो नायिका हातात घेते, असं तुम्ही लिहिलंय. तो भुंगा खराच ठेवत. मेंदू काढून टाकत, पण हृदय शरीरातच राहू देत, कारण न्यायाच्या वेळी ते तराजूत घालायचं असे. दुसऱ्या पारड्यात सत्याचं पीस. हृदय जड भरलं तर शेजारी मगरीच्या तोंडाची, पुढून सिंहाची आणि मागून पाणघोड्याची एक बया बसलेली, ती ते गिळून टाकणार. त्या भुंग्यावर कोरलेल्या मंत्राचा आशय असा की, माझ्या हृदया, तिथे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. माणूस स्वतःच्याच हृदयाला गप्प राहायची विनंती करतोय! तुमच्या पुजाऱ्याचं हृदय कुणाचं नाव घेईल म्हणून तो घाबरत असेल, हे डोक्यात ठेवून ते प्रकरण पुन्हा वाचा. लाल शाई दिसायची नाही.

आता ती जुनी गोष्ट सांगते. इजिप्तच्या रोजच्या व्यवहारातल्या लिपीत लिहिलेली तिची एक गुंडाळी कैरोच्या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ग्रीक वंशाचे टॉलेमी राज्य करत होते त्या काळातली. सुरुवातीचा भाग हरवलाय. गोष्टीचा नायक सेत्ने म्हणजे दुसऱ्या रामसेसचा मुलगा खाएमवासेत, मेम्फिस शहरातल्या प्ताह देवाचा मुख्य पुजारी. हा खराखुरा माणूस. जुन्या पडक्या वास्तू शोधून त्यांची डागडुजी करायचा आणि कुणाची ते लिहून ठेवायचा. म्हणजे तुमच्या नायिकेचाच धंदा, फक्त राजपुत्राने केलेला. लोकांच्या आठवणीत तो पुढे जादूगार झाला.

तर हा सेत्ने थोथ देवाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मंत्रग्रंथाच्या मागे एका थडग्यात शिरतो. आत नानेफरकाप्ताह नावाच्या जुन्या राजपुत्राचं शव, आणि शेजारी त्याची बायको आहवेरे आणि मुलगा मेरिब यांचे आत्मे. नुसते आत्मे. त्यांची शरीरं दूर दक्षिणेला, कोप्तोसला पुरलेली आहेत. नवऱ्याला एकटं वाटू नये म्हणून ती दोघं त्याच्या थडग्यात येऊन राहिली आहेत.

आणि सेत्नेला गोष्ट सांगते ती आहवेरे. बाईच्या तोंडून. आम्ही सख्खी भावंडं होतो, म्हणते (राजघराण्यात तशी लग्नं होत, नाक मुरडू नका). आमचं एकमेकांवर फार प्रेम. बाप आमचं बाहेर जमवायला निघाला, पण शेवटी मानला. पहिल्या रात्रीबद्दलही ती मोकळेपणाने सांगते. मग नवऱ्याला त्या ग्रंथाचं वेड लागतं. नदीत लोखंडाची पेटी, त्यात काशाची, त्यात लाकडाची, त्यात हस्तिदंताची, मग चांदीची आणि सगळ्यांत आत सोन्याची, आणि राखणीला एक न मरणारा साप. तो सापाला दोनदा मारतो, साप दोनदा जोडला जातो. तिसऱ्यांदा दोन तुकड्यांच्या मध्ये वाळू टाकतो, तेव्हा कुठे तो निपचित पडतो. ग्रंथ वाचल्यावर पक्ष्यांची, माशांची भाषा कळायला लागते. तो ग्रंथ बायकोच्याही हातात देतो आणि तीही वाचते. हे मला फार आवडतं. मग तो मजकूर पपायरसच्या नव्या कागदावर उतरवून, बिअरमध्ये भिजवून, पाण्यात विरघळवून पिऊन टाकतो. पाठांतराचा इतका झटपट मार्ग तुमच्या दहावीच्या पोरांना सांगू नका.

थोथ चिडतो. परतीच्या वाटेवर मेरिब नावेतून नदीत पडतो. मग आहवेरे. दोघांना कोप्तोसला पुरून नानेफरकाप्ताह एकटा निघतो, आणि बापाला काय तोंड दाखवू म्हणून ग्रंथ छातीशी बांधून स्वतःही पाण्यात जातो. त्याचं शव मेम्फिसला पोचतं. ताटातूट झाली ती अशी.

एवढं ऐकूनही सेत्नेला ग्रंथ हवाच असतो. तो आणि मेलेला नानेफरकाप्ताह पटावर सोंगट्या खेळतात. सेत्ने तीन डाव हरतो आणि दर डावाला जमिनीत खोल रुततो, शेवटी कानापर्यंत. ताईत मागवून सुटतो आणि ग्रंथ घेऊन पळतो. थडग्यातला उजेड त्याच्याबरोबर जातो, आहवेरे रडायला लागते. पुढे ताबुबू नावाची एक बाई सेत्नेला जे काही नाचवते ते मी सांगत नाही, ते तुम्हीच मिळवून वाचा. तुमच्या कादंबरीतली सगळी गरम प्रकरणं त्यापुढे मवाळ आहेत. शेवटी तो शरमेने ग्रंथ परत आणतो, आणि मेलेला राजपुत्र त्याच्याकडे एकच मागतो: माझ्या बायकोला आणि मुलाला इथे घेऊन ये. सेत्ने कोप्तोसला जातो. थडगं कुठे ते कुणालाच आठवत नाही, शेवटी एका अधिकाऱ्याच्या घराच्या कोपऱ्याखाली सापडतं. तिघं एकत्र येतात, थडगं बंद होतं.

ताई, तुम्ही रडलात ते या गोष्टीच्या वंशावळीतलं पुस्तक वाचून रडलात. इंग्रजी भाषांतरं आहेत. लेकीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात चौकशी करायला सांगा आणि तिलाच मोठ्याने वाचायला लावा.

एका बाबतीत मी लेकीपेक्षाही कडक आहे. युरोपात ही प्रेमकथा रुजली ती ममी हा बाजारातला माल असताना. १८३० च्या दशकात लंडनमध्ये पेटिग्रू नावाचा शल्यचिकित्सक प्रेक्षक जमवून ममीच्या पट्ट्या सोडून दाखवायचा. १८५८ मध्ये तेओफिल गोतिए या फ्रेंच लेखकाने ममीवर कादंबरी लिहिली. त्यात एक तरुण इंग्रज लॉर्ड थडगं उघडतो, आतली बाई अजून सुंदर आहे म्हणून तिच्या प्रेमात पडतो आणि तिला घेऊन मायदेशी जातो. कुणाला विचारून? त्या काळच्या पुष्कळ कथांत प्रेत बाईचं असतं आणि बघणारा पुरुष. तुमच्या लेखिकेने पारडं फिरवलं आहे. पेटीत पुरुष, आणि हातात उपकरण घेऊन उभी असलेली शिकलेली बाई. हे मला मनापासून आवडलं. न आवडलेलं असं की तो सारखा ‘तू तीच’ म्हणतो आणि ती विरघळते. ही मुलगी कोण आहे, तिला काय आवडतं, तिची नोकरी काय, याची त्याने अख्ख्या पुस्तकात चौकशी केली का? दुसऱ्या भागात तो ते विचारतो का, यावर मी डोळा ठेवला असता. कादंबरीत असा हट्टी प्रियकर गोड लागतो. वर्गातल्या मुलींच्या हाती पुस्तक दिलंत तर हा प्रश्नही बरोबर द्या.

खरी ममी बघायची असेल तर इजिप्तलाच जायला हवं असं नाही. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक आहे, सयाजीराव गायकवाड महाराजांच्या काळात आणलेली. मायलेकी मिळून जा. पण एक लक्षात असू द्या. कादंबरीतला देखणा पुजारी घरी ठेवून जा. काचेमागे आहे ते कुणाचं तरी शरीर, आणि त्या माणसाची इच्छा काय होती ते आपल्याला ठाऊक आहे: स्वतःच्या मातीत, स्वतःच्या माणसांजवळ राहायची.

लेकीशी तह असा करा. पहिलं वाचन तुमचं, त्यात ती अवाक्षर काढणार नाही. पुस्तक संपल्यावर ते तिच्या हाती, पेन्सिलीसकट. पण चूक दाखवली की ‘मग खरं काय होतं’ हेही तिनेच समासात लिहायचं, तुम्ही पोरांना गणित सोडवून दाखवायला लावता तसं. नुसती फुलीची खूण चालणार नाही. तिचाही अभ्यास होईल. आणि मधल्या काळात इजिप्तच्याच माणसाने लिहिलेलं काही हवं असेल तर नजीब महफूझ यांची ‘रादोबिस’ वाचा. १९८८ चं नोबेल मिळालेला हा लेखक सुरुवातीला फेरोंच्या, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजांच्या, काळावर कादंबऱ्या लिहायचा. १९४३ ची ही कादंबरी एका तरुण फेरोची आणि त्याला वेडं करणाऱ्या गणिकेची. भुतंखेतं नाहीत. देवळाच्या जमिनी, पुजाऱ्यांचा संताप आणि राज्य बुडवणारं प्रेम आहे. इंग्रजीत मिळते.

राहिले तुमचे यजमान. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक कागद आहे. हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात एका विधुराने मेलेल्या बायकोला लिहिलेलं पत्र आहे, रामसेसांच्याच जमान्यातलं. इजिप्तमध्ये अशी पत्रं लिहिण्याची पद्धत होती. घरात काही बिनसलं की मेलेल्याला कळवायचं. हा गृहस्थ फेरोच्या सैन्यातला अधिकारी, बायकोचं नाव आंखिरी. ती गेल्यापासून त्याचं काही धड चालत नाही, आणि त्याची खात्री आहे की हे तीच करतेय. म्हणून तो तिला जाब विचारतो आणि स्वतःची बाजू मांडतो. मी तुझं काय वाकडं केलं? तरुणपणी तुझ्याशी लग्न केलं, मोठ्या हुद्द्यांवर चढलो तरी तुला टाकलं नाही. तू आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला. तू गेलीस तेव्हा मी फेरोबरोबर दक्षिणेत होतो, आठ महिने माणसासारखं खाल्लंप्यायलं नाही. परत आल्यावर रडलो, तुला गुंडाळायला चांगलं कापड दिलं. तीन वर्षं एकटा राहतोय, दुसऱ्या घरात पाऊल टाकलेलं नाही. आणि घरातल्या बायकांचं म्हणशील, तर त्यांच्यापैकी एकीकडेही मी गेलेलो नाही.

पत्र एका बाईच्या छोट्या लाकडी मूर्तीला बांधलेलं होतं, म्हणजे नेमकं तिलाच पोचावं. हे यजमानांना रात्रीच्या जेवणानंतर सावकाश वाचून दाखवा. मढ्यांवरून चिडवणाऱ्याला एवढं कळू द्या की त्या देशात बायको मेली तरी नवऱ्याला खुलासा लेखी द्यावा लागायचा.